मदत हवी आहे: कार्हेच्या लढाईत पार्थियनांचे बाण संपले कसे नाहीत?

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटा गट आहे, महिन्यातून एकदा जमतो आणि कुणीतरी एक जण एखाद्या लढाईवर बोलतो. पानिपत, प्लासी, वॉटर्लू सगळं झालंय म्हणून या वेळी मी हौसेने कार्हे घेतली. इ.स.पू. ५३, रोमचा क्रॅसस विरुद्ध पार्थियन (आजच्या इराणकडचं साम्राज्य) सरदार सुरेना, जागा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं हरान, सीरियाच्या बॉर्डरजवळ. गटात एक निवृत्त सुभेदार काका आहेत, ते दारूगोळा कुठून आला आणि पाणी कुठून आलं याच्या पुढे कुणाला जाऊच देत नाहीत, म्हणून तिथे तोंडघशी पडण्याआधी इथे विचारून घेतो.

बॅकग्राउंड थोडक्यात. क्रॅसस म्हणजे रोममधला बडा श्रीमंत, स्पार्टाकसचं बंड मोडणारा, पण पाँपे आणि सीझरसारखं परदेशात काही जिंकलेलं नाही ही खंत, त्यात वय साठीच्या घरात. सीरियाची सुभेदारी मिळाल्यावर पठ्ठ्याने उगाचच पार्थियावर स्वारी काढली. पार्थियन वकील समजवायला आला तेव्हा म्हणे, उत्तर सेल्युशियात (पार्थियनांचं मोठं शहर) येऊन देतो, त्यावर वकील हसला आणि तळहात पुढे करून म्हणाला, इथे केस उगवतील पण तुला सेल्युशिया दिसायचं नाही. हा सीन मी रंगवून सांगणारच आहे!

आता अडलंय ते असं. प्लुटार्क (क्रॅससचं चरित्र लिहिणारा प्राचीन ग्रीक लेखक) म्हणतो की रोमन लोक बाण संपायची वाट बघत मार खात उभे होते, संपले की शत्रू एकतर जवळ येईल नाहीतर निघून जाईल या आशेवर, आणि मग त्यांना बाणांनी लादलेले उंट दिसले आणि धीरच खचला. सगळीकडे १००० उंट असा आकडा दिसतो, तो खरा धरायचा का? दुसरं म्हणजे रोमन लोकांचं ते ढालींचं कासव (डोक्यावर आणि बाजूंना ढाली जोडून उभं राहणं) कुठे गेलं, ते बाणांसाठीच तर होतं ना? आणि चाळीस हजारांच्या फौजेला दहा हजारांनी कसं काय झोडपलं? शेवटचं, क्रॅससच्या तोंडात वितळलेलं सोनं ओतलं आणि त्याचे सैनिक चीनमध्ये जाऊन वसले असा एक फॉरवर्ड फिरतोय, त्यात कितपत तथ्य आहे? जाणकारांनी प्लीज मदत करा.

प्रतिसाद १:
उंटांचा आकडा जपून वापरा. प्लुटार्कमध्ये १००० उंट येतात ते सुरेनाच्या थाटाचं वर्णन करताना, म्हणजे हा माणूस खासगी कामाला निघाला तरी सामानाचे हजार उंट, जनानखान्याच्या २०० गाड्या, चिलखती घोडेस्वार हजार, आणि स्वार, मांडलिक, गुलाम मिळून दहा हजाराच्या खाली माणूस नाही. लढाईच्या वर्णनात नुसतंच "बाणांचे पुष्कळ उंट" आहे. गंमत म्हणजे तुमचा दहा हजारांचा आकडाही त्याच वाक्यातून उचललेला आहे. रोमन बाजू मात्र तो नीट मोजून देतो, सात लीजन (रोमन पायदळाच्या मोठ्या तुकड्या), जवळपास ४००० घोडदळ आणि तेवढेच हलके सैनिक.
बाकी सप्लाय कसा चालायचा ते सरळ आहे. उंट जवळच उभे, ज्या स्वारांचे भाते रिकामे झाले ते मागे जाऊन भरून आणणार, तोवर बाकीचे मारा करणार. सुभेदार काका खूश होतील, खरा हीरो तो उंटांचा तांडा आहे.

प्रतिसाद २:
कासव म्हणजे घट्ट दाटी. दाटी केली की चिलखती घोडेस्वार लांब भाले घेऊन अंगावर येणार, आणि भाल्यांसाठी मोकळे झाले की बाण खाणार. शिवाय क्रॅससने आधी लांबलचक रांग धरली होती, मग विचार बदलून चौकोन केला, म्हणजे नेम धरायचीसुद्धा गरज उरली नाही, सोडाल तो बाण कुणाला तरी लागणारच.
त्याचा मुलगा पब्लियस १३०० घोडेस्वार, ५०० तिरंदाज आणि आठ कोहोर्ट (लीजनच्या लहान तुकड्या) घेऊन वेढा फोडायला गेला, पार्थियन पळाले, हा मागे लागला आणि लांब गेल्यावर तेच उलटले. पब्लियस पुढे चला म्हणाला तेव्हा सैनिकांनी त्याला ढालींना खिळलेले हात आणि जमिनीला खिळलेले पाय दाखवले. मग ते एका टेकाडावर चढले आणि बाहेरून ढाली लावल्या, पण उतारावर मागची रांग पुढच्यापेक्षा वर दिसते, त्यामुळे एकाच्या ढालीआड दुसरा लपू शकेना. हे नक्की सांगा, कारण सपाटीवर निदान पुढचा माणूस आडोसा तरी देतो. पब्लियसचं डोकं नंतर भाल्यावर लावून बापासमोर नाचवलं.

धागाकर्ता:
टेकाडाचं माहितीच नव्हतं, भारी! काका आता पाण्याचं विचारणार. आणि हा गनिमी कावा म्हणता येईल का?

प्रतिसाद ३:
मी तरी म्हणणार नाही. गनिमी काव्याला बहुधा डोंगर, खिंड, जंगल सोयीचं पडतं, इथे उघडं माळरान होतं आणि तीच पार्थियनांची सोय. डोंगराळ वाट उलट रोमनांना मिळत होती. आर्मेनियाचा राजा आर्ताव्हास्डीस ६००० स्वार घेऊन आला होता आणि सांगत होता की माझ्या मुलखातून चला, चढउतारावर त्यांचे घोडे निकामी, रसद माझी. पण क्रॅससने आदल्या वर्षी मेसोपोटेमियात ठाणी बसवली होती, ७००० पायदळ आणि १००० घोडदळ तिथे अडकलेलं, म्हणून नाही म्हणाला. क्रॅससचा अधिकारी कॅशियस (हो, सीझरला मारणाऱ्यांतला तोच) नदी धरून चला म्हणत होता, तेही नाही. एका स्थानिक वाटाड्याचं ऐकून युफ्रेटिस नदी सोडली आणि माळात घुसले. तोवर पार्थियन राजा ओरोडीस स्वतः आर्मेनियात उतरला, म्हणजे तिकडून येणारी मदतही बंद.
पाण्याचं म्हणाल तर बालिसस ओढा लागला होता आणि बहुतेक अधिकारी म्हणत होते की रात्र इथेच काढू, शत्रू किती आहे ते बघू आणि पहाटे निघू. पण पब्लियस आणि त्याचे स्वार उतावीळ, त्यामुळे क्रॅससने ज्याला हवं त्याने रांगेत उभ्या उभ्याच खा-प्या म्हणून सांगितलं आणि त्यांचं होण्याआधी कूच केलं, तेही झपाझप. माझ्या मते लढाई तिथेच हरले.

प्रतिसाद ४:
सोन्याचं कॅशियस डिओ (नंतरचा रोमन इतिहासकार, वरचा कॅशियस नव्हे) लिहितो, तोही "काही जण म्हणतात" म्हणून आणि अडीचशेहून जास्त वर्षांनी, तेव्हा दंतकथा म्हणूनच सांगा. प्लुटार्ककडे क्रॅससचं मुंडकं आर्मेनियात ओरोडीससमोर युरिपिडीस या ग्रीक नाटककाराचं नाटक चालू असताना पोचतं आणि नट तेच हातात घेऊन पुढचं गातो, हे काय कमी आहे का. मेले २०,०००, पकडले १०,००० असं प्लुटार्क म्हणतो. कैद्यांना मार्जियानात, म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानात मर्वच्या बाजूला नेलं, हे प्लिनी या रोमन लेखकाने लिहिलंय. तिथून पुढे चीनच्या लिचिएन गावापर्यंतची गोष्ट विसाव्या शतकात एका अभ्यासकाने जोडलेला तर्क आहे आणि गावकऱ्यांच्या डीएनएमधून त्याला आधार मिळालेला नाही. फॉरवर्डवाल्यांना कळवा.
स्लाइडला फोटो हवा असेल तर प्रिमा पोर्टाचा ऑगस्टसचा (रोमचा पहिला सम्राट) पुतळा घ्या, छातीवरच्या चिलखतावर एक पार्थियन रोमनांचं निशाण परत देताना कोरलाय. कार्हेत गमावलेली ती निशाणं इ.स.पू. २० मध्ये वाटाघाटीने परत मिळाली, लढाई न करता, तरी ऑगस्टसने नाणी काढून केवढा गाजावाजा केला! आणि सुरेनाचं विसरू नका, एवढा मोठा विजय मिळवून देणाऱ्याला ओरोडीसने मत्सरापोटी थोड्याच काळात ठार करवलं.