मदत हवी आहे: लीज की लायसन्स, डोक्यात काही बसेना

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून विद्यापीठात अर्धवेळ कायदा शिकतेय. करार कायदा कसाबसा निभावला, पण मालमत्ता कायद्यात लीज (ठराविक मुदतीसाठी जागेवर मिळणारा भाडेहक्क) आणि लायसन्स (जागा वापरायची नुसती परवानगी) यांतल्या फरकावर गाडी अडलीय.

'स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड' (१९८५) हा इंग्लंडमधला निकाल तीनदा वाचला. कागदावर 'लायसन्स' लिहिलं होतं, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ती लीजच ठरवली, कारण जागेचा अनन्य ताबा (म्हणजे मालकालाही बाहेर ठेवता येईल असा), मुदत आणि भाडं तिन्ही होतं. इथवर कळतं. पण प्रश्नात 'मालकाकडे जादा किल्ली आहे, रोज साफसफाईला माणूस येतो' असं आलं, की माझं उत्तर दोन्ही डगरींवर हात ठेवतं. नुसती किल्ली ठेवल्याने लीज मोडत नाही ना? मग किल्ली कशासाठी ठेवलीय हे बघायचं का?

परवा रात्री साडेअकराला लिहिलेल्या नोट्स सकाळी पाहिल्या: एकच वाक्य दोनदा, दुसऱ्यांदा अक्षर पार उताराला लागलेलं.

नोकरी करत शिकलेल्यांनी सांगा, निकाल मुळातून वाचता की सारांशावर भागवता? सारांश माझ्या लक्षात राहत नाही आणि मुळातून वाचायला फक्त रविवार उरतो.

'टाइमटेबल बनवा' हे कृपया नको. तीन बनवून झालीत.