विश्वचषकाची बाद फेरी की गोल्फची चार दिवसांची बेरीज: खरा विजेता कोणत्या पद्धतीने ठरतो?

राजारामपुरीकर

नमस्कार. यंदा १९ जुलैला, रविवारी, इंग्लंडमधील रॉयल बर्कडेल येथे ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस आहे, आणि त्याच रात्री, आपल्या घड्याळाने साडेबारा वाजता, अमेरिकेतील न्यू जर्सीत फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होणार आहे. हे वेळापत्रक पाहिल्यापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे आणि तो येथील जाणकारांपुढे मांडावासा वाटतो.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही. तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहतच आमची पिढी मोठी झाली, आणि विश्वचषक आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे झेंडे कसे समोरासमोर उभे राहतात, हे आपण सर्व जाणताच. गोल्फकडे मात्र मी उशिरा वळलो. आता मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या चारही प्रमुख स्पर्धा मी मनापासून पाहतो, आणि विजेता ठरवण्याच्या दोन्ही खेळांच्या रीती एकमेकींपासून किती दूर आहेत, हे दर वेळी नव्याने जाणवते.

२०२२ मध्ये कतारला अर्जेंटिनाचा संघ पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून २-१ असा हरला. तो दिवस २२ नोव्हेंबरचा होता. १८ डिसेंबरला त्याच संघाच्या हाती विश्वचषक होता. त्या पराभवाचा हिशेब पुढे कोणी मागितला नाही. गोल्फमध्ये असे होत नाही. गुरुवारी सकाळी पहिल्या होलवर, म्हणजे चेंडू खळग्यात घालण्याच्या पहिल्या टप्प्यात, वाया गेलेला एक फटका रविवारी संध्याकाळपर्यंत खेळाडूच्या नावावर राहतो, कारण चार दिवसांच्या ७२ होलमधील प्रत्येक फटका शेवटच्या बेरजेत धरला जातो आणि सर्वांत कमी फटके घेणारा जिंकतो.

कोणता खेळ श्रेष्ठ, हा माझा प्रश्न नाही. त्या स्पर्धेतील सर्वांत लायक खेळाडू किंवा संघ शोधून काढण्याची अधिक न्याय्य रीत या दोहोंपैकी कोणती, एवढेच मला विचारायचे आहे. माझा कल सध्या गोल्फकडे आहे. आपली मते सविस्तर वाचायला आवडतील.

शाहू स्टेडियमचा प्रेक्षक

प्रश्न चांगला आहे, पण आपला कल मला मान्य नाही. अर्जेंटिनाचे उदाहरण आपण दिलेत. त्याहून ठळक उदाहरण १९५४ चे आहे. स्वित्झर्लंडमधील त्या विश्वचषकात हंगेरीने साखळी फेरीत पश्चिम जर्मनीला ८-३ असे हरवले होते. दोनच आठवड्यांनी, ४ जुलैला, बर्न येथे तेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले, हंगेरीने सुरुवातीलाच दोन गोलांची आघाडी घेतली आणि तरीही जर्मनीने ३-२ असा विजय मिळवला. गोल्फच्या न्यायाने दोन्ही सामन्यांची बेरीज केली तर हंगेरी १०, जर्मनी ६. आता आपणच सांगा, बर्नच्या त्या सामन्यानंतर हंगेरीला विजेता म्हणणे कोणाला पटले असते?

१९८२ चा इटलीचा संघ पाहा. पोलंड, पेरू आणि कॅमेरून या तिघांशीही बरोबरी, तीन सामन्यांत मिळून दोन गोल, आणि केवळ कॅमेरूनपेक्षा एक गोल जास्त म्हणून पुढची फेरी. त्या तीन सामन्यांत पाओलो रोसी याच्या नावावर एकही गोल नव्हता. नंतर याच रोसीने ब्राझीलविरुद्ध तीन गोल केले आणि स्पर्धा संपली तेव्हा सहा गोलांसह तो सर्वांत पुढे होता. स्पर्धेत सुधारणाऱ्याला वाव मिळाला पाहिजे, आणि फुटबॉलची रीत तो देते. कुस्तीतही मागच्या फडात कोणी किती गुण घेतले, यावरून आजची निकाली कुस्ती ठरत नाही. समोरच्याला आज चीत केले की नाही, एवढेच पाहिले जाते.

आणखी एक गोष्ट. फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्धी तुमचा खेळ मोडायलाच उतरलेला असतो. आपल्याकडे दोन पेठांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा मागच्या आठवड्यात दुबळ्या संघावर सहा गोल चढवणारा आघाडीपटू उत्तरार्धापर्यंत चेंडूला स्पर्शही करू शकत नाही, कारण एक बचावपटू सावलीसारखा त्याच्यामागे असतो. सामना गोलशून्य राहून टायब्रेकरवर जातो, गॅलरीतला आवाज एकदम बसतो, आणि ज्याच्या पायात त्या क्षणी बळ राहते तोच जिंकतो. सहा गोलांची पुण्याई तिथे कामाला येत नाही आणि येऊही नये. गोल्फमध्ये तुमच्या चेंडूला दुसरा कोणी हात लावत नाही. तिथे बेरीज न्याय्य ठरत असेल, पण ती रीत फुटबॉलला मोजमाप म्हणून लावता येणार नाही.

अठरा होल

गोल्फच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो, कारण बेरजेची रीत दिसते तितकी निर्दोष नाही आणि तिचे दोषही पाहायला हवेत.

पहिला दोष हवामानाचा. ब्रिटिश ओपनमध्ये १५६ खेळाडू असतात. ते एकाच वेळी सुरुवात करू शकत नाहीत. पहिला गट सकाळी लवकर निघतो आणि शेवटच्या गटाची सुरुवात होईपर्यंत दुपार टळलेली असते. स्कॉटलंड-इंग्लंडच्या समुद्रकाठच्या मैदानांवर सकाळी वारा पडलेला आणि दुपारी सोसाट्याचा, असे नेहमी घडते. गुरुवारी सकाळी खेळलेल्यांना शुक्रवारी दुपारची वेळ देऊन हे समतोल करण्याचा प्रयत्न होतो, पण वाऱ्याला वेळापत्रक पाळायला कोण लावणार? फुटबॉलमध्ये निदान दोन्ही संघांवर एकच पाऊस पडतो.

दुसरा दोष नियमांच्या कठोरपणाचा, आणि त्याचे उदाहरण अर्जेंटिनाच्या समर्थकांनी अवश्य लक्षात ठेवावे असे आहे. रॉबर्तो दे व्हिसेन्झो हा अर्जेंटिनाचा खेळाडू १९६७ च्या ब्रिटिश ओपनचा विजेता होता. १४ एप्रिल १९६८ रोजी, आपल्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, तो मास्टर्सच्या अंतिम फेरीत उतरला आणि पहिल्याच होलवर त्याचा दुसरा फटका थेट होलमध्ये गेला. सतराव्या होलवर त्याने तीन फटके घेतले, ते मैदानावरच्या आणि दूरचित्रवाणीवरच्या प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिले. पण गुणपत्रिका लिहिणाऱ्या सहखेळाडूकडून तिथे चार हा आकडा पडला आणि दे व्हिसेन्झोने न तपासता सही केली. नियम असा की सही केलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त असेल तर तोच कायम राहतो. ६५ ऐवजी ६६ धरले गेले, एकूण फटके २७७ ऐवजी २७८ झाले आणि २७७ फटक्यांच्या बॉब गोल्बीला विजेतेपद मिळाले. नाहीतर दोघांत प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठीचा जादा खेळ, झाला असता. प्रत्येक फटका मोजणाऱ्या खेळात घेतलाच नाही असा एक फटका मोजला गेला, ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते.

तरीही माझे मत राजारामपुरीकर यांच्याकडेच झुकते, आणि त्याचे कारण १९९९ ची कार्नूस्टी येथील स्पर्धा. फ्रान्सच्या जाँ व्हान द व्हेल्डकडे शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी होती. सहा फटके लागले असते तरी तो विजेता होता. त्याला सात लागले. चेंडू ओढ्यात पडला तेव्हा बूट-मोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडून तो पाण्यात उतरून उभा राहिला, आणि तिथून मारणे शक्य नाही हे कळल्यावर दंडाचा फटका स्वीकारून बाहेर आला. प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला, जो त्या दिवसाच्या सुरुवातीला दहा फटके मागे होता. लोक याला दैवाचा खेळ म्हणतात. मी म्हणत नाही. लॉरीने दिवसभर साठवलेले फटके आणि व्हान द व्हेल्डने शेवटच्या होलवर उधळलेले फटके यांची किंमत सारखीच होती, म्हणूनच ते घडले.

जाता जाता एक सांगतो. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आलेला अनिर्बान लाहिरी आपल्या पुण्यात जन्मलेला आहे, आणि शुभंकर शर्मा २०२३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये संयुक्त आठवा होता. हे दोन निकाल मराठी वाचकांपर्यंत पोहोचायला हवे होते तितके पोहोचले नाहीत.

पिवळा झेंडा, मंगळवार पेठ

ब्राझीलचा समर्थक म्हणून या चर्चेत १९५० चा विषय काढणे माझे कर्तव्य आहे, कारण विश्वचषकाने बाद फेरी सोडून पाहिली होती ती त्याच वर्षी. त्या स्पर्धेत अंतिम सामना ठरवलेलाच नव्हता. ब्राझील, उरुग्वे, स्पेन आणि स्वीडन या चार संघांची शेवटची साखळी होती आणि गुणांत पहिला येणारा विजेता होणार होता. ब्राझीलने स्वीडनवर ७-१ आणि स्पेनवर ६-१ असे विजय मिळवले. उरुग्वेची स्पेनशी २-२ अशी बरोबरी झाली आणि स्वीडनवर त्यांनी कसाबसा ३-२ असा विजय मिळवला. १६ जुलैला माराकाना मैदानावर ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती, फ्रियासाने उत्तरार्धाच्या सुरुवातीला गोलही केला, पण शियाफिनो आणि गिजिया यांच्या गोलांनी उरुग्वे २-१ असा जिंकला.

आता गोल्फच्या पद्धतीने मांडून पाहा. तीन सामन्यांत ब्राझीलचे १४ गोल आणि अंगावर ४. उरुग्वेचे ७ आणि अंगावर ५. प्रत्येक गोल साठवला गेला असता तर ब्राझील मोठ्या फरकाने विजेता होता. तरीही मी मनापासून लिहितो की उरुग्वेचे विजेतेपद योग्यच होते. ज्या दिवशी दोघे समोरासमोर आले त्या दिवशी ते सरस ठरले. साखळी लावली, गुण मोजले, तरी त्या स्पर्धेला अखेर एका सामन्याचेच रूप आले. पुढच्या विश्वचषकापासून अंतिम सामना ठेवला गेला तो कायमचा.

अठरा होल

पिवळा झेंडा यांच्या मुद्द्याला गोल्फच्या इतिहासात नेमकी उलटी जोड आहे. पीजीए चॅम्पियनशिप १९१६ पासून १९५७ पर्यंत बाद पद्धतीनेच खेळली जात असे: दोन खेळाडू समोरासमोर, जास्त होल जिंकणारा पुढे, हरणारा घरी. १९५८ पासून ती फटक्यांच्या बेरजेवर आली. १९५७ च्या अंतिम सामन्यात लायोनेल हेबर्टकडून हरलेला डाऊ फिन्स्टरवाल्ड हाच १९५८ ला बेरजेच्या पहिल्या स्पर्धेत जिंकला. बाद पद्धतीत नामवंत खेळाडू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बाहेर पडत आणि शेवटचे दोन दिवस प्रेक्षकांना ओळखीचे नाव दिसत नसे. दूरचित्रवाणीच्या काळात ते परवडणारे नव्हते. म्हणजे बदलामागे केवळ न्यायाचा विचार होता असे म्हणता येणार नाही. पण खेळाडूंनीही तो स्वीकारला, कारण एकाच दिवशी अफाट खेळणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्यामुळे वर्षभराची तयारी वाया जाण्याचा धोका त्यातून टळला.

राजारामपुरीकर

सर्वांचे आभार. प्रतिस्पर्धी खेळ मोडायला उतरलेला असतो, हा शाहू स्टेडियमच्या प्रेक्षकांचा मुद्दा मला पूर्णपणे पटला. गोल मोजून विश्वचषक द्यावा असे मी यापुढे म्हणणार नाही.

मात्र एका ठिकाणी मी अजूनही अडलेलो आहे. गोल्फमध्ये निम्म्या स्पर्धेनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले खेळाडू वगळले जातात, आणि तो दयामाया दाखवत नाही. यूएस ओपनमध्ये १५६ पैकी पहिले साठ आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले एवढेच शनिवारी खेळतात. यंदाच्या विश्वचषकात ४८ संघ आहेत. बारा गटांतील पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरील सर्वोत्तम आठ असे मिळून ३२ संघ पुढे जाणार, म्हणजे दर तीन संघांपैकी दोन. पहिल्या पराभवातून सावरण्याची संधी असावी, हे मान्य. पण तीन सामने खेळून गटात तिसरे आलेल्या संघालाही पुढची वाट मोकळी असेल तर साखळी फेरी नेमकी कशाची परीक्षा घेते? युरो २०१६ या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेत पोर्तुगालने गटातील तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, तिसरे आले, आणि शेवटी विजेतेही झाले. इटलीचे १९८२ चे उदाहरण वाचून मन भरून येते, पोर्तुगालचे वाचून येत नाही.

शाहू स्टेडियमचा प्रेक्षक

तिसऱ्या क्रमांकाला प्रवेश देण्याची तरतूद मलाही रुचत नाही, आणि पोर्तुगालबद्दल आपण लिहिलेत ते खरे आहे. त्या संपूर्ण स्पर्धेत नव्वद मिनिटांत त्यांनी जिंकलेला सामना एकच, वेल्सविरुद्धचा. आपल्याकडे एखाद्या संघाने अशी वाटचाल केली असती तर स्वतःच्या पेठेतल्या लोकांनीही त्याला जाब विचारला असता.

तरी यंदाच्या रचनेची दुसरी बाजू नोंदवतो. १९९८ पासून २०२२ पर्यंत ३२ संघांच्या विश्वचषकात विजेत्याला बाद फेरीत चार सामने जिंकावे लागत. यंदा बत्तीस संघांपासून बाद फेरी सुरू होत असल्याने ते पाच झाले आहेत आणि विजेत्याचे एकूण सामने सातांवरून आठांवर गेले आहेत. साखळीत जी सवलत मिळते तिची वसुली तिथे होते: जूनच्या अखेरीपासून १९ जुलैपर्यंत पाच वेळा मैदानात उतरायचे आणि पाचही वेळा जिंकायचे, अमेरिकेच्या भर उन्हाळ्यात, एका शहरातून दुसऱ्या शहरात हजारो किलोमीटर प्रवास करत. गटात रखडत तिसरा आलेला संघ हे करून दाखवील, तर त्याला विजेता म्हणायला माझी ना नाही.