शत्रूच्या पायाखाली बोगदा खणायचे तर आवाज कसा नाही यायचा?

मखमलाबादकर
शेजारच्या मळ्यात विहिरीचं काम चालूय. चाळीस फुटाला काळा पाषाण लागलाय, ब्रेकर सुरू झाला की आमच्या ओट्यावरचा तांब्या थरथरतो आणि संध्याकाळी बार उडाला की कुत्रं थेट खाटेखाली. त्यात काल पहिल्या महायुद्धाचं वाचत बसलो. इंग्रजांनी बेल्जियममध्ये मेसिनच्या टेकाडावर जर्मन खंदकांच्या खालपर्यंत बोगदे नेले, दारू भरली आणि ७ जून १९१७ ला पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी १९ सुरुंग जवळजवळ एकदमच उडवले म्हणे. आता मला सांगा, एवढं खणकाम कित्येक महिने चाललं आणि वरच्यांना पत्ताच नाही? इथला ब्रेकर पार गंगापूर रोडला ऐकू जातो (थोडं वाढवून सांगतोय, समजून घ्या).

चिखलगाडा
आपल्या पाषाणाशी तुलनाच नका करू राव. तिथं खाली निळसर चिकणमाती, लोण्यासारखी. खणणारा लाकडी फळीला पाठ टेकून, पाय बोगद्याच्या तोंडाकडे करून, अर्धा आडवा पडायचा आणि अरुंद पात्याचं फावडं दोन्ही पायांनी मातीत दाबायचा, ढेकूळ सुटलं की मागचा ते अलगद उचलून पोत्यात भरणार. कुदळ नाही की घाव नाही. हे सगळं मँचेस्टरच्या गटारांच्या कामावरून आलेलं. जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स म्हणून एक ठेकेदार होता, खासदार पण होता, त्याने ते तेव्हाचा ब्रिटिश युद्धमंत्री किचनेर याच्या गळी उतरवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला बोगदेवाल्यांच्या वेगळ्या कंपन्या उभ्या राहिल्या. कसबी माणसाला दिवसाला ६ शिलिंग, साध्या शिपायाच्या कितीतरी पट.

खरी डोकेदुखी मातीची होती. वरची जमीन वेगळ्या रंगाची, खालून निघणार निळी, विमानातून फोटो काढला की भांडं फुटलंच, म्हणून पोती लांब नेऊन दडवायची.

आणि जर्मनांना पत्ताच नव्हता असं अजिबात नाही, तेही खणतच होते. दोन्हीकडचे कान लावून बसायचे. जिओफोन म्हणजे पारा भरलेल्या दोन लाकडी चकत्या, त्यांना डॉक्टरच्या नळीसारख्या नळ्या. चकत्या जमिनीवर ठेवून सरकवत राहायचं, दोन्ही कानांत सारखं ऐकू आलं की आवाजाची दिशा सापडली. मग समोरच्याच्या बोगद्याशेजारी बेताची दारू लावायची, वर खड्डासुद्धा पडत नाही आणि आतला माणूस जागच्या जागी गाडला जातो. मेसिनला म्हणूनच तर फार खोल गेले, काही ठिकाणी १०० फुटांच्याही खाली.

यारीवाला
आमच्या घरात दोन पिढ्या विहिरीचं काम, म्हणून गॅसबद्दल लिहितो. जुन्या विहिरीत उतरायच्या आधी आमचे आजोबा कंदील सोडायचे. विझला की कोणी उतरायचं नाही. मला वाटायचं बोगद्यात पण हेच करत असतील, पण नाही, तिथं कंदील फसवतो. दारू उडाल्यावर मातीत मुरून राहतो तो कार्बन मोनॉक्साइड, त्यात दिवा छान जळत राहतो आणि माणूस बसल्या बसल्या आडवा होतो. म्हणून पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नाहीतर पांढरे उंदीर न्यायचे. हे वाचल्यापासून बार झाल्यावर पोरांना लगेच खाली सोडत नाही, आधी पंखा लावून हवा मारतो, मग पुढचं.

रामशेज३६५
सुरुवात मात्र इंग्रजांनी नाही केली हो. २० डिसेंबर १९१४ ला फ्रान्समध्ये जिवान्शी-फेस्टुबर्टला जर्मनांनी १० छोटे सुरुंग उडवले आणि वर खंदकात होती आपली सरहिंद ब्रिगेड, म्हणजे लाहोर डिव्हिजनची माणसं. उडाल्यावर लगेच वरून हल्ला. त्या दणक्यानंतर इंग्रजांची धावपळ सुरू झाली. त्याआधी ऑक्टोबरात न्यूव्ह शापेलला खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या (म्हणजे खणकाम-सुरुंगवाल्या लष्करी इंजिनिअरांच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या पायदळासारख्या पुढे घातल्या होत्या, फार माणसं गेली. नावात मायनर्स आणि पाठवलं संगीन घेऊन, याचा मला अजून राग येतो.

बाकी सुरुंग आपल्याला नवा नाही. १७०० साली साताऱ्याच्या किल्ल्याला औरंगजेबाच्या लोकांनी दोन लावले. पहिल्यात तट कोसळून किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यात गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसरा उडाला तो उलटा, तट बाहेर ढासळला आणि खाली तयार उभे असलेले मोगलच हजारोंनी मेले.

मखमलाबादकर
मस्त माहिती, सगळ्यांना धन्यवाद. एकच शंका, मेसिनला खणलेले सगळे उडाले का?

चिखलगाडा
नाही. काही तसेच राहिले. त्यातला एक १९५५ मध्ये वादळात वीज पडून उडाला, ३८ वर्षांनी. एक गाय मेली.

मखमलाबादकर
अरे देवा. शेजाऱ्याला विचारतो आता, न उडालेला बार तर नाही ना राहिलाय आत.

यारीवाला
नक्की विचारा. किती भरले आणि किती वाजले, मोजायचे असतात. आवाज कमी भरला तर खाली कोणीच जायचं नाही.