मदत हवी आहे: पुरीमसाठी तालमुदचं विडंबन, पण वाइनशिवाय

नमस्कार मंडळी. आम्ही इस्रायलमध्ये अश्दोदला असतो, माझं माहेर ठाण्याचं. लेक आठवीत आहे. शाळेतल्या पुरीमच्या (दुष्ट हामानाच्या कटातून यहुदी वाचले, त्याचा मौजेचा सण) कार्यक्रमात यंदा तिच्या गटाकडे 'पुरीम-तोरा' आलंय. म्हणजे तालमुदचं (यहुदी धर्मनियमांवरच्या चर्चांचा ग्रंथ) एक खोटं पान रचायचं: मधोमध मिश्ना (मूळ नियम) आणि गमारा (त्यावरची चर्चा), एका अंगाला राशी या जुन्या भाष्यकाराची टीप, दुसऱ्या अंगाला तोसाफोतच्या, म्हणजे त्याच्यानंतरच्या भाष्यकारांच्या, शंकाकुशंका. चेहरा गंभीर, विषय मात्र कँटीन किंवा गृहपाठ.

अडचण अशी की बाईंनी दारूचे विनोद नकोत म्हणून बजावलंय. बरोबरच आहे, पोरं तेरा वर्षांची. पण जुने नमुने बघावेत तर नुसती वाइन! चौदाव्या शतकात कालोनिमस बेन कालोनिमसने 'मसेखेत पुरीम' रचलं. त्यात पेसाहला (वल्हांडणाला) घरातलं खमीर हुडकून काढतात, तसं पुरीमला पाणी घराबाहेर काढायचं. 'सेफेर हबकबूक' तर नावापासूनच बाटली: हबक्कूक संदेष्ट्यावर केलेली कोटी, बकबूक म्हणजे बाटली.

आम्हा बेने इस्रायलींच्या (महाराष्ट्रातल्या यहुद्यांच्या) घरात तालमुद वाचायची रीत नव्हती. सासूबाई अजून पुरीमला 'होळीचा सण'च म्हणतात. हे विडंबन ऐकून त्या गप्प झाल्यात. काय लिहावं, आणि कुठे थांबावं?

मालिदावाला: ताई, गंमत वाइनमध्ये नाही, युक्तिवादात आहे. खऱ्या तालमुदातच बघा. हुल्लीन या भागात, पान 139 वर, प्रश्न आहे, तोरात (मोशेच्या पाच ग्रंथांत) हामान कुठे सापडतो? उत्तर: देव आदामला विचारतो, 'त्या झाडाचं खाल्लंस का?', तिथल्या 'हामिन' शब्दात, अक्षरं तीच म्हणून! खरा पुरावा इतका ताणलेला, मग खोटा रचायला कितीसा वेळ?

मेगिल्ला या भागाचं पान 7 म्हणतं, 'शापित हामान' आणि 'धन्य मोर्दखाय' (यहुद्यांना वाचवणारा) यांतला फरक कळेनासा होईपर्यंत प्यावं. हिब्रूत दोन्हींच्या अक्षरांची बेरीज 502 येते. मुलांना म्हणावं, पिऊ नका, फरक कळेनासा होईपर्यंत बेरीज करा.

आणि वाइनच्या जागी चहा घ्या की. तालमुदात सदा वाद घालणारे दोन गट आहेत: बेथ शम्माई म्हणतात आधी साखर, बेथ हिल्लेल म्हणतात आधी दूध. निकाल नेहमीप्रमाणे हिल्लेलकडे, तोवर चहा थंड.

लोदकर: देवाचं नाव आणि प्रार्थना सोडून बाकी सगळं चालतं. येशिवांत (धर्मशिक्षणाच्या पाठशाळांत) एक पोरगा पुरीमचा रब्बी होऊन थोरल्या रब्बींची नक्कल करतो, आणि ते समोर बसून हसतात. सासूबाईंना हे सांगून बघा. शाळेतल्या बाईंची नक्कल करणार असाल तर मात्र आधी त्यांना दाखवा.

धागाकर्ती: चहाच घेतला! लेकीने राशी लिहिला: 'चहा – म्हणजे चहा.' गमारा विचारते, अर्ध्या कपावर आशीर्वाद पूर्ण म्हणावा की अर्धा? सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "वेलची विसरलात." म्हणून तोसाफोत आता सुरू होतो, 'आणि तू म्हणशील, वेलचीचं काय...'

आता एवढंच सांगा, 'कटिंग'ला हिब्रूत काय म्हणू?