वाचलेलं, पाठ केलेलं कधी अचानक भेटलंय का? अनुभव सांगा

मागचं_पान:
काल बसमध्ये शेजारच्या आजी खिडकीतून बाहेर बघत बहिणाबाईंच्या ओळी गुणगुणत होत्या. त्याच कवितेचं रसग्रहण मी दहावीला लिहिलंय. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, सगळं मुद्देसूद. पण काल ती पहिल्यांदा ऐकली असं वाटलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता सुचलेलं घरच्यांनी, मुलगा सोपानदेव यांनी उतरवून घेतलं म्हणून राहिलं, आणि पुस्तक आलं ते १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. म्हणजे कविता आधी कामात होती, कागदावर नंतर आली!
मी कॉमर्सला आहे. अकाउंट्सच्या वहीत मागच्या पानांवर आवडलेल्या ओळी उतरवते. घरचे विचारतात, याचा उपयोग काय? मला तरी त्याशिवाय दिवस सरत नाही. तुमचं सांगा, साधंसुधं चालेल.

निशिगंध:
बाबा आयसीयूत होते तेव्हा मी बाहेर बसून पसायदान म्हणत होते. शाळेत रोज म्हणायचो, पण त्यात सगळ्या जगासाठी मागितलंय हे त्या रात्री कळलं. मी फक्त बाबांसाठी मागत होते. शेजारच्या खुर्चीवर एक बाई तिच्या नवऱ्यासाठी बसलेली. मग दोघींनी मिळून म्हटलं.

रानवाट:
@निशिगंध ताई, बाबा कसे आहेत आता?

निशिगंध:
ठणठणीत! रोज फिरायला जातात.

पेन्सिल:
थोडं अवांतर. ग्रंथालयाच्या जुन्या कवितासंग्रहांत आधीच्या कुणीतरी बारीक खुणा केलेल्या असतात ना, मी त्या ओळी आधी वाचतो. कोण असेल, तेव्हा काय चाललं असेल त्याचं, असं मनात येतं.

रानवाट:
पेनाने नका करू पण कुणी, कळकळीची विनंती.

हॉस्टेल_खोली:
आमच्याकडे २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, काव्यवाचन असतं. यंदा शिपाईकाका माईक लावायला आले आणि "टेस्टिंग" म्हणायच्या ऐवजी तुकोबांचा अभंग म्हणाले. अख्खा. हातात कागद नाही. आम्ही सगळे मोबाईलमध्ये बघून वाचणारे. त्यांना परत बोलावलं, आणखी म्हणायला लावले.

मागचं_पान:
@हॉस्टेल_खोली काटा आला वाचताना!! काकांना माझा नमस्कार सांगा.

ओवी_शोधते:
माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. बहुतेकींत भाऊ नाहीतर माहेर. रेकॉर्ड करायला बसले तर दोन ओळींवर अडली. म्हणाली, हाताला फिरवायला काही नाही तर पुढचं येतच नाही. जातं कधीच गेलं घरातून. मग रिकामाच हात गोल फिरवत बसली आणि भराभरा आल्या. सुरात, एकीला लागून दुसरी. मी नुसती बघत राहिले.

पेन्सिल:
@ओवी_शोधते हा खजिना आहे. फक्त फोनमध्ये ठेवू नका, लगेच दुसरीकडे कॉपी करा. आणि कोणती ओवी कुणाकडून शिकली, तेही त्यांच्याच आवाजात विचारून घ्या. नंतर सांगायला कुणी उरत नाही.

ओवी_शोधते:
हो, आत्ताच विचारते. ती झोपायला निघालीये.