मुंबईची भरती १४० वर्षांत बदलली का? जुन्या नोंदींवरून कसं ओळखायचं?

मोरा_उरण:
उरणजवळच्या आमच्या मोरा कोळीवाड्यातली जुनी माणसं म्हणतात, उधाणाचं पाणी आता पूर्वीपेक्षा वर चढतं. अपोलो बंदरच्या १८७८पासूनच्या समुद्रपातळीचे मासिक सरासरी आकडे मला मिळालेत. त्यावरून काही कळेल का?

खाडीकाठ:
सरासरी पातळी चढली का, एवढंच कळेल. महिन्याच्या सरासरीत भरती-ओहोटी पुसली जाते. तुम्हाला तासागणिक नोंदी हव्यात, निदान प्रत्येक भरतीची उंची तरी. लिव्हरपूलला विल्यम हचिन्सन यांनी १७६४ ते १७९३ भरतीच्या वेळा आणि उंची लिहून ठेवल्या, त्या अजून उपयोगी पडतात. आणि भरतीची जुनी छापील कोष्टकं चालणार नाहीत. ती भाकितं असतात, मोजमापं नव्हेत.

दर्यामाप:
माझं आयुष्य बंदरांच्या पाणमोजणीत गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सर्वेक्षण खात्यातले बेअर्ड आणि गणितज्ञ जॉर्ज डार्विन यांनी १८८५ साली भारतातल्या बंदरांच्या भरतीचं घटकवार पृथक्करण छापलं, म्हणजे चंद्र-सूर्यामुळे येणाऱ्या वेगवेगळ्या लयींत (घटकांत) भरती फोडून मांडली. तिथून सुरुवात करा. चंद्राचा मुख्य घटक साधारण १२ तास २५ मिनिटांचा, मुंबईला सगळ्यांत मोठा. त्याची तेव्हाची आणि आताची उंची ताडून पाहा.

पण सुटं एकेक वर्ष घेऊन तुलना करू नका, हे कळकळीनं सांगतो. चंद्राच्या कक्षेच्या १८.६ वर्षांच्या चक्रामुळे हा घटक सुमारे ३.७ टक्के वरखाली होतो. मुंबईत ते चार-पाच सेंटीमीटर भरतात. ती दुरुस्ती केली नाही तर चंद्राचं चक्रच तुम्हाला समुद्रातला बदल वाटेल.

दुसरं घड्याळ. जुनी मुंबई वेळ आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. एवढ्यानं या घटकाची कला (त्याच्या चक्रातली वेळ, पूर्ण चक्र ३६० अंश धरून) १९ अंशांनी सरकते. नोंद कोणत्या वेळेत आहे, ते आधी तपासा.

मोरा_उरण:
समजा, एवढं करूनही फरक उरला, तर कारण समुद्रच का?

दर्यामाप:
तसं नाही. अमेरिकेत विल्मिंग्टनला नदीचा मार्ग जहाजांसाठी खोल केला आणि १८८०च्या दशकापासून भरती-ओहोटीतलं अंतर दुप्पट झालं. मुंबईतही भराव आणि गाळउपसा दोन्ही झालेत. म्हणून गाळउपशाच्या तारखा आलेखाशेजारी मांडा. आणि कोळीवाड्यातल्या माणसांना विचारा, पाणी कोणत्या पायरीपर्यंत, कोणत्या साली यायचं. मोऱ्याला मोजणी नसेल तिथे तीच नोंद.

खाडीकाठ:
पायऱ्यांची उंची लेव्हल लावून घ्यायची असेल तर कळवा, मी येतो.