डोळ्याच्या औषधात रिसर्च करायचाय, लातूरहून रस्ता कोणता?

औशाची_पोरगी:
नमस्कार, लातूरला बी.फार्म लास्ट इयरला आहे. पप्पा म्हणायलेत औशाला मेडिकल टाकू, गाळा पण बघून ठेवलाय. पण आजीला काचबिंदू आहे, चार वर्षं झाली मीच ड्रॉप घालते अन् दर वेळी अर्धा थेंब गालावर, मग ती पदरानं पुसती अन् म्हणती "गेला बघ पैसा वाहून". तेव्हापासून डोक्यात आहे की आत जातं तरी किती? एका सरांना विचारलं तर म्हणले परीक्षेला येत नाही ते. यात करिअर आहे का, का एम.फार्म करून पुन्हा मेडिकलवरच बसायचं?

फ्रान्झ_सेल:
आजीचा हिशोब बरोबर आहे की! डोळ्यावर पाणी असतं ७ मायक्रोलिटरच्या आसपास, थेंब पडतो ३० ते ५० चा, मग उरलेलं गालावर नाहीतर नळीतून नाकात, आत पोचतं ते ५ टक्क्याच्या पण खाली. आमचं अख्खं फील्ड या गळतीशीच भांडायलंय. पीएचडी मी संभाजीनगरला केली, सकाळी सहाला थर्मासात बर्फ घेऊन खाटकाकडं जायचो बकऱ्याचे डोळे आणायला, तो म्हणायचा सर याची भाजी करता का. मग कॉर्निया, म्हणजे डोळ्यावरचा पुढचा पारदर्शक पडदा, पांढऱ्या कडेसकट कापायचा, सेलमधी म्हणजे काचेच्या दोन कप्प्यांच्या मधी बसवायचा, वर औषध खाली कोमट बफर (अश्रूंसारखं खारट पाणी), अन् किती औषध खाली उतरलं ते बघायला दर तासाला सॅम्पल. पहिले सहा महिने नुसते फाटलेले कॉर्निया. पैशाचं म्हणशील तर जीपॅट (एम.फार्मची प्रवेश परीक्षा) निघाली तर एम.फार्मला महिना १२,४००, पुढं पीएचडीला जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिना ३७,०००. ती मिळाली नाही तर लई ओढाताण, मी भोगलीय.

नांदेडकर:
मी हैदराबादला आहे, इथं एल. व्ही. प्रसाद या डोळ्याच्या हॉस्पिटलमधी रिसर्च चालतो, दिल्लीला एम्सच्या आर. पी. सेंटरमधी (तेही डोळ्याचंच) ऑक्युलर फार्माकॉलॉजी, म्हणजे डोळ्याच्या औषधांचा विभाग, वेगळाच आहे. व्हिजन सायन्स म्हणजे दिसतं कसं, त्यात ऑप्टोमेट्रीवाले (नजर तपासून नंबर काढणारे) अन् फिजिक्सवाले पण असतात, फार्मावाल्याला औषधाची बाजू सोपी जाती. फक्त घाई चालत नाही. सिंगापूरचं अ‍ॅट्रोपिनचं काम बघ, पोरांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून ४०० पोरांना २ वर्षं ड्रॉप दिले, मग बंद करून वर्षभर नुसतं बघत बसले, तेव्हा कळलं की जास्त डोसवाल्यांचा नंबर उलट भराभर वाढला अन् सगळ्यात कमी डोसवाल्यांचा, म्हणजे ०.०१ टक्केवाल्यांचा, सगळ्यात कमी वाढला. बंद केल्यावर बघितलंच नसतं तर?

मेडिकलवाला_बीड:
मेडिकलला नावं ठेवू नका राव. टिमोलॉल हा काचबिंदूचा ड्रॉप घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याला आधी दम्याचं कोण विचारतं, मीच ना? नाकातून रक्तात जातं ते, दमेकऱ्याचा श्वास अडकतो. अन् ताई, ड्रॉप घातल्यावर आजीला डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायला लाव, दुसरा ड्रॉप असला तर पाच मिनिटानं.

औशाची_पोरगी:
धन्यवाद सगळ्यांना. आजीनं काल कोपरा दाबला पण एका मिनिटातच "झालं का गं" सुरू 😄 जीपॅटचं पप्पांना अजून बोलले नाही, आईला फक्त खाटकाचं सांगितलं तर म्हणती काय करायचं ते कर, माझ्या फ्रीजमधी डोळे ठेवायचे नाहीत.